फिजिओची नोकरी आणि घरचा रविवार: तुम्ही कसं जमवता?

वाईची_लेक (शनिवार, रात्री १०.१५)

नमस्कार मंडळी.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चिंचवडला एका हॉस्पिटलात नोकरी करते, शिवाय होम व्हिजिट. आमच्या क्षेत्रातले इथे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, आणि ज्यांच्या घरी फिजिओ येतो असेही पुष्कळ असतील. मला दोघांशीही बोलायचंय.

विषय सुट्टीचा. आमच्या घरी तिघांच्या सुट्ट्या तीन दिशांना. नवरा भोसरीच्या कारखान्यात, त्याला गुरुवार. (बाहेरगावच्यांसाठी: पिंपरी-चिंचवडच्या बऱ्याच कारखान्यांना रविवारऐवजी गुरुवारी सुट्टी असते.) मुलीची शाळा शनिवार-रविवार बंद. माझी ओपीडी रविवारी बंद, पण वॉर्ड आणि आयसीयू चालूच, म्हणून रविवारची ड्युटी पाळीपाळीने. ज्या रविवारी ड्युटी नसेल त्या रविवारी होम व्हिजिटवाले हक्काने बोलावतात. त्यांचंही बरोबरच असतं. आजोबांचा मुलगा आणि सून आठवडाभर ऑफिसात, रविवारी दोघं घरी. "मॅडम, रविवारीच या ना, आम्ही असतो, आम्हालाही बघायला मिळेल." म्हणजे ज्या दिवशी त्यांचं घर एकत्र जमतं, त्या दिवशी माझं मोडतं.

त्यात स्प्लिट ड्युटी. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ. कागदावर आठ तास, पण दिवस गेला बारा तासांचा. दुपारी मी घरी असते तेव्हा मुलगी शाळेत, आणि ती अभ्यासाला बसते तेव्हा मी कुणाचा तरी खांदा फिरवत असते. सासूबाई सगळं सांभाळतात, पण त्यांनाही सुनेशी बोलायला एक निवांत दुपार हवी असते. आई-बाबा वाईला. सुरूर फाट्याला गाडी वळली की माझा जीव हलका होतो, पण सकाळी जाऊन रात्री परत यायचं तर पोहोचताच निघायचे वेध लागतात.

आता मी काय करते ते सांगते, मग तुमचं ऐकायचंय.

माझं ठाम मत झालंय की आमच्या धंद्यात रविवार मागून मिळत नाही. हॉस्पिटलकडे मागा, पेशंटकडे मागा, कुणीतरी नाराज होतंच. पेशंटचं घर माझ्यावाचून एक दिवस नीट चालेल असं तयार केलं, तर रविवार सुटतो. आणि हे त्या पेशंटच्याही भल्याचं आहे.

गुडघा बदलण्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंचं उदाहरण घ्या. मी त्यांच्याकडे पाऊण तास असते. उरलेले तेवीस तास त्या घरच्यांबरोबर. त्या वेळात कुणी प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवली, तर बरं वाटतं खरं, पण गुडघा वाकलेलाच राहतो आणि पुढे पूर्ण सरळ होत नाही. माझा पाऊण तास तिथेच वाया. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनाने सरळ होत जातो. हे घरातल्या एका माणसाला नीट कळलं तर ते माझ्या दोन व्हिजिटपेक्षा मोलाचं आहे. घोटा वरखाली करणं, मांडी आवळून धरणं, टाच सरकवत गुडघा वाकवणं हे सगळं दिवसातून अनेकदा करायचं असतं. मी एकदाच येते.

उलट, ज्यांना जुनी गुडघेदुखी किंवा कंबरदुखी आहे आणि वजन लावून ताकदीचे व्यायाम चालू आहेत, त्यांच्या स्नायूंना मध्ये विश्रांतीचा दिवस हवाच असतो. त्याच स्नायूला रोज तसा व्यायाम द्यायचा नसतो. अशा पेशंटकडे रविवारी मी गेले नाही तर काहीही बिघडत नाही. फक्त हे त्यांना आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर "मॅडमनी दांडी मारली" असं होतं.

म्हणून मी "शनिवारचा कागद" देते. मोठ्या अक्षरात, मराठीत, हाताने लिहिलेला. तीन किंवा फार तर चार व्यायाम. प्रत्येक किती वेळा, किती दुखलं तर चालेल, कधी थांबायचं. आणि खाली लाल पेनाने, कुठल्या गोष्टी दिसल्या तर वाट न बघता फोन करायचा: पोटरी एकाएकी सुजली आणि दुखतेय, धाप लागतेय, जखमेतून पाणी येतंय, ताप आलाय. धाप लागली तर आधी हॉस्पिटल, मग मला फोन. कागद देऊन निघत नाही. ज्याने करून घ्यायचं त्याला माझ्यासमोर करायला लावते आणि त्याच्याच फोनवर त्याचाच व्हिडिओ काढते. इंटरनेटवरचा व्हिडिओ बघून माणूस गोंधळतो, स्वतःचा बघून आठवतं.

याने सगळे रविवार मोकळे झालेत असं नाही. पण आता बरेचसे माझे असतात, आणि ज्या आठवड्यात ड्युटी असेल त्याची बदली सुट्टी मी गुरुवारी मागून घेते. मुलगी शाळेत गेली की नवरा आणि मी दोघंच. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आम्ही दुपारी शांत जेवायला बसतो. त्या गुरुवारांची मला आता रविवारइतकीच ओढ असते.

तुम्ही कसं करता? आणि पेशंटच्या घरच्यांनो, तुम्हाला हे पटतं का? मनापासून सांगा.

---

खडूफळा (रात्री १०.४०)

चांगला विषय. उशीचं माहीत नव्हतं. आईच्या गुडघ्याखालची उशी आत्ता काढली.

---

आजीचा_नातू (रात्री ११.०५)

ताई, राग मानू नका, पण मी समोरच्या बाजूचा आहे.

माझ्या आजीला पावसाळ्यात लकवा झाला, उजवी बाजू. मी हिंजवडीत नोकरीला, बायकोही. आठवडाभर आजीजवळ दिवसपाळीच्या मावशी असतात. फिजिओ सर रोज येतात, पण ते काय करतात ते मला रविवारीच दिसतं. सरांनी रविवार बंद केला तर मला शिकायची संधीच जाते. मावशींना शिकवलं तर त्या पुढच्या महिन्यात बदलतात.

दुसरं, मला भीती वाटते. आजीचा हात हातात घेतला की वाटतं आपण काहीतरी मोडून ठेवू. तुम्ही लोक सहज करता ते आम्हाला सहज येत नाही. कागदावर लिहून ही भीती जात नाही.

त्या सरांनाही घर आहे हे मला कळतं. पण खरं सांगायचं तर आजीच्या पुढे मला दुसरं काही दिसत नाही सध्या.

---

वाईची_लेक (रात्री ११.५०)

राग कसला, तुमच्यासारख्यांसाठीच तर धागा काढलाय. आजींना लवकर बरं वाटो.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. नव्या पेशंटकडे मी सुरुवातीचे रविवार आवर्जून जाते, घरचे सगळे असतात म्हणूनच. पण तेव्हा मी व्यायाम करून घेत नाही, घरच्यांकडून करवून घेते. तुमच्या सरांना तसं सांगून बघा: "सर, या रविवारी तुम्ही बसा, मी करतो, तुम्ही चुका काढा." त्यांना आनंदच होईल. दोन-तीन रविवारांत तुमचा हात बसेल.

भीतीबद्दल. लकव्यात जपायचं ते मुख्यतः खांद्याला. त्या बाजूचे स्नायू ढिले पडल्यामुळे खांदा सांध्यातून खाली उतरू शकतो. म्हणून आजींना उठवताना उजवा हात धरून कधीही ओढायचं नाही, काखेत हात घालून उचलायचंही नाही. पाठीमागून खांद्याच्या पात्याला आणि कमरेला आधार द्यायचा. बसल्या असताना तो हात लोंबकळत ठेवायचा नाही, मांडीवरच्या उशीवर ठेवायचा. त्या झोपूनच असतील तर दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. एवढं सांभाळलंत तर तुमच्या हातून काही मोडणार नाही.

आणि मावशी बदलतात हे खरंच आहे, पण तुम्ही बदलणार नाही ना? तुम्ही शिकलात की नव्या मावशींना तुम्हीच शिकवाल. आजींना खुर्चीतून उठणं-बसणं दिवसातून अनेकदा करायचंय. तो सराव एका माणसाच्या एका तासाने पुरा पडत नाही. रविवारी दुपारी तुम्ही तिच्याजवळ बसून दहा वेळा उठ-बस करून घेतलीत, गप्पा मारत, तर तो तुमचाही आजीबरोबरचा वेळ झाला.

---

अबोली_नागपूर (रविवार, सकाळी ७.३०)

मी नागपूरला आयसीयूत आहे, छातीच्या फिजिओथेरपीचं काम. ताईंचा मुद्दा ओपीडीला आणि होम व्हिजिटला लागू आहे, आमच्याकडे नाही. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या छातीतला कफ शनिवारी समजावून सांगितला म्हणून रविवारी थांबत नाही. तो काढायलाच हवा, पेशंटला वेळेत बसवायलाच हवं. नातेवाईक तिथे येऊही शकत नाहीत. त्यामुळे रविवारी कुणीतरी असणारच, आणि असलंच पाहिजे. माझ्या स्वतःच्या वडिलांना तिथे ठेवलं असतं तर मी हेच म्हटलं असतं.

आम्ही केलं ते असं. आधी रोस्टर दर शुक्रवारी निघायचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुणालाच माहीत नसायचं की परवा घरी आहोत का. आम्ही सगळ्यांनी मिळून वरिष्ठांना सांगितलं की रोस्टर दोन महिन्यांचं काढा, सणवार आधी वाटून घेतो. ज्यांच्या घरी गौरी-गणपती असतात त्यांना ते दिवस, ज्यांची ईद किंवा नाताळ आहे त्यांना ते, मी दिवाळीचा पाडवा घेते. ड्युटी कमी झाली नाही, पण भांडणं संपली.

बदली सुट्टी न मिळणाऱ्यांनी एक माहीत करून घ्या. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहे आणि खाजगी हॉस्पिटलं त्यात येतात. आठवड्यातून एकदा सलग २४ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. नवीन पोरींना हे कुणी सांगत नाही, त्या "पुढे कधीतरी घे" वर वर्ष काढतात. भांडू नका, पण लेखी अर्ज द्या आणि त्याची प्रत ठेवा.

---

गिरणगावकर (सकाळी ९.१०)

रविवारचा विषय निघाला आहे म्हणून थोडे लिहितो. माझे वडील परळच्या गिरणीत होते, त्यामुळे नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आमच्या घरात आदराने घेतले जाई.

रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना आपोआप मिळालेली नाही. लोखंडे यांनी ती मिळवून दिली. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि शेवटी १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याआधी आठवड्याची ठरलेली सुट्टी हा प्रकारच नव्हता. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीमागचे एक कारण होते.

पुढे मुंबईत प्लेग आला तेव्हा हेच लोखंडे रुग्णांच्या सेवेत उतरले आणि १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. दुसऱ्यांच्या विश्रांतीसाठी लढणारा माणूस रुग्णसेवेत गेला. तुम्ही सगळे रुग्णसेवेत आहात म्हणून हे सांगावेसे वाटले. तुमची सुट्टी मागताना संकोच करू नका.

---

अबोली_नागपूर (सकाळी ९.३५)

काका, खूप आभार. हे मी आज आमच्या ग्रुपवर टाकते.

---

टेम्स_काठी (दुपारी १.२०)

मी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी), आता इंग्लंडात एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. इथेही वॉर्डला शनिवार-रविवार असतातच, विशेषतः हाडांच्या आणि छातीच्या वॉर्डला. फरक दोन गोष्टींचा. माझ्या श्रेणीत शनिवारच्या तासाला ३० टक्के आणि रविवारच्या तासाला ६० टक्के जास्त पैसे मिळतात. म्हणजे माझ्या रविवारची काहीतरी किंमत आहे हे संस्थेने मान्य केलंय. आणि वर्षाला २७ दिवस भरपगारी रजा, वर सार्वजनिक सुट्ट्या वेगळ्या. रजा घेतली म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही.

पण मला कुणी इकडे येण्याबद्दल विचारलं तर मी हेही सांगते: इथे माझे सगळे शनिवार-रविवार मोकळे असले तरी ते कुणाबरोबर घालवायचे? नवरा आहे, लेक आहे. आई-बाबा ठाण्यात. दर रविवारी भारतातली दुपार आणि माझी सकाळ जुळते तेव्हा व्हिडिओ कॉलवर आम्ही एकत्र स्वयंपाक करतो. आई तिकडे आमटीला फोडणी देते, मी इकडे नाश्त्याचे पोहे परतते. बाबांचा खांदा आखडला होता, त्यांचे व्यायाम मी त्या कॉलवरच घेतले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, दर आठवड्याला भिंतीवर पेन्सिलीची खूण. आखडलेला खांदा सुटायला एक ते तीन वर्षंही लागतात, त्यामुळे घाई नव्हती. बाबा खूण वर सरकली की फोनमध्ये ओरडून सांगायचे.

वाईची लेक, तुम्ही सुरूर फाट्याला वळू शकता. वळत राहा.

---

मुक्ता_देशी (दुपारी ३.४५)

मी फिजिओ नाही, फिजिओची मुलगी आहे. आई सरकारी रुग्णालयात होती. तेव्हा पोलिओची मुलं खूप यायची, खेड्यापाड्यांतून, आईबापांच्या कडेवर. कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या) बांधून पहिल्यांदा उभी राहिलेली मुलं मी आईच्या विभागात बघितलीयत. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण २०११ मध्ये सापडला, ती बातमी आईने मला निवृत्तीनंतर फोन करून वाचून दाखवली होती, आणि वाचताना ती थांबली होती.

सांगायचं ते असं. आई रविवारी घरी नसायची हे आम्हा भावंडांना चालायचं. खरंच चालायचं. तिचं काम काय आहे ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. चालायचं नाही ते हे की ती येणार की नाही तेच कळायचं नाही. "बहुतेक येईन" या शब्दांवर आम्ही जेवायचे थांबायचो. सारसबागेत जायचं म्हणून कपडे करून बसायचो. नंतर कधीतरी आईने ठरवलं की बुधवारची संध्याकाळ आमची. मोठी सुट्टी नाही, एक संध्याकाळ. त्या दिवशी ती कुणाची व्हिजिट घ्यायची नाही, कितीही ओळखीचा असो. त्या बुधवारांनी मला आई मिळाली असं मी म्हणेन.

म्हणून माझी विनंती: मुलांना सगळे रविवार देता आले नाहीत तरी चालेल, जो दिवस द्याल तो पक्का द्या.

---

वाईची_लेक (संध्याकाळी ४.३०)

मुक्ता, हे वाचून डोळे भरले. लेकीला दाखवलं. ती म्हणाली, "मग आपला कुठला वार?" आज बसून ठरवतोय.

---

सह्यकडा (संध्याकाळी ६.००)

तालुक्याच्या गावी माझं स्वतःचं क्लिनिक आहे. आमच्याकडे शहरापेक्षा उलटं गणित. खेड्यातला पेशंट मुद्दाम फक्त फिजिओसाठी येत नाही, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. तो बाजाराच्या दिवशी येतो, बाजारही होतो आणि कंबरही दाखवून होते. आमचा बाजार बुधवारी. मी बुधवारी सकाळी सातपासून रात्री गर्दी संपेपर्यंत उघडं ठेवतो आणि रविवारी कुलूप. सुरुवातीला लोक म्हणाले रविवारी बंद ठेवलंस तर धंदा बसेल. बसला नाही. आपल्या पेशंटचा दिवस कुठला ते ओळखा, त्याच दिवशी पूर्ण राबा.

नांगरणी, भातलावणी, ऊसतोडणीच्या हंगामात मी बाईमाणसांना रोज बोलावतच नाही, त्यांना ते जमणारच नाही. पंधरा दिवसांतून एकदा, पण तासभर, आणि घरी करायचं नीट शिकवून. मशीनचा शेक घेऊन लगेच बरं वाटतं म्हणून लोक "करंट लावा" म्हणतात. करंट लावतो, पण व्यायाम आला नाही तोवर घरी सोडत नाही. वाईची लेक म्हणतात तेच मी गरजेपोटी करत आलोय.

---

इंटर्नशिप_चालू (रात्री ८.१५)

माझे इंटर्नशिपचे सहा महिने संपत आलेत. सगळे वाचून एक विचारायचं आहे. सुरुवातीचा पगार इतका कमी सांगतात की होम व्हिजिट केल्याशिवाय पुण्यात भाडंही निघणार नाही. मग रविवार मोकळा ठेवायचा हा विचार आमच्यासारख्यांना परवडतो का? माझे आई-वडील बीडला आहेत, त्यांनी कर्ज काढून शिकवलं. मला आधी ते फेडायचंय.

---

वाईची_लेक (रात्री ९.४०)

तुमचा प्रश्न सगळ्यात खरा आहे आणि त्याला गोड उत्तर देणार नाही. पहिली दोन-तीन वर्षं व्हिजिट कराव्या लागतात. मीही करते अजून. पैशाची गरज असताना रविवारचं काम सोडा असं मी सांगणार नाही. पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून करा.

एक, व्हिजिटचे पत्ते जवळजवळचे घ्या. कोथरूडची एक, मग हडपसर, मग वाकड असं केलंत तर पैसे पेट्रोलमध्ये आणि आयुष्य सिग्नलवर जाईल. एकाच भागातले पेशंट घ्या, लांबचे आपल्या बॅचच्या मैत्रिणीला द्या, तिच्याकडचे तुमच्या भागातले तुम्ही घ्या. आमचा असा गट आहे, गावाला जायचं असेल तेव्हा एकमेकींचे पेशंटही सांभाळतो. परत आल्यावर पेशंट प्रामाणिकपणे परत द्यायचा, हा आमचा एकच नियम.

दुसरं, तुमचं शरीर. आमच्यात कंबर, मान आणि अंगठ्याचं मूळ लवकर दुखायला लागतं. दिवसभर अंगठ्याने दाब देऊन पन्नाशीच्या आत हात निकामी झालेले वरिष्ठ मी पाहिलेत. कोपराचा, तळहाताचा वापर करा, पलंगाची उंची आधी ठीक करा, वजनदार पेशंट एकटीने उचलू नका. पेशंटच्या स्नायूला विश्रांतीचा दिवस लागतो हे आपण रोज सांगतो, तो नियम आपल्या स्नायूंनाही आहे. आठवड्याचे सातही दिवस हात वापरून तुम्ही कर्ज लवकर फेडाल असं वाटतं, पण हा हात तुम्हाला तीस वर्षं पुरवायचाय.

बीडला महिन्यातून एकदा तरी जा. आणि नुसतं भेटून येऊ नका, आईची कंबर, बाबांचे गुडघे बघून या. ज्यांनी शिकवलं त्यांना आपल्या शिक्षणाचा पहिला उपयोग व्हावा असं मला फार वाटतं.

---

कबड्डीवेडा (रात्री १०.३०)

खेळाडूंचा फिजिओ. आमचे सामने सगळे शनिवार-रविवारीच. त्यामुळे या धाग्यावर मला फार बोलता येणार नाही. सोमवार माझा. मुलाला शाळेत सोडणं आणि आणणं सोमवारी मीच करतो, वर्गशिक्षिकाही आता सोमवारीच काय ते बोलतात.

---

चाफेकळी (सोमवार, सकाळी ८.००)

एक वेगळं सुचवू का? आषाढी वारीत आमच्या कॉलेजचे विद्यार्थी वारकऱ्यांच्या पायांची सेवा करायला जातात. गेल्या वेळी मी सासू-सासरे आणि दोन्ही मुलांना घेऊन आकुर्डीला गेले, तुकोबांच्या पालखीचा तिथे मुक्काम असतो. मी पोटऱ्या चोळत होते, मुलं पाणी देत होती, सासरे माळकरी, ते वारकऱ्यांशी अभंगात रमले. काम आणि घर एकत्र आलं.

---

मुक्ता_देशी (सकाळी ८.४५)

चाफेकळी, हे सुंदर आहे, पण वर्षातून एकदाच सुंदर आहे. मुलांना कामाच्या जागी नेणं म्हणजे मुलांबरोबर वेळ घालवणं नव्हे. माझं लहानपण आईच्या विभागातल्या बाकावर गेलंय, म्हणून जरा स्पष्ट बोलले.

---

चाफेकळी (सकाळी ९.०५)

मान्य. ते वारीपुरतंच ठेवते.

---

वाईची_लेक (रात्री ९.२०)

आमचं ठरलं. नवऱ्याचा गुरुवार आणि मुलीची शाळा जुळत नाही, म्हणून गुरुवारची संध्याकाळ मी ओपीडीतून मोकळी करून घ्यायला वरिष्ठांशी बोलले. त्याबदल्यात शनिवारी संध्याकाळी मी जास्त थांबेन, तेव्हा गर्दीही असते. त्यांनी तीन महिने बघू म्हटलंय. महिन्यातला दुसरा रविवार वाईचा, मुक्कामासह. त्या शनिवारी दुपारीच निघायचं, तेवढी एक संध्याकाळ मैत्रीण सांभाळणार. उरलेल्या रविवारांपैकी एक ड्युटीला, एक नव्या पेशंटच्या घरच्यांना शिकवायला. बाकीचे आमचे.

---

आजीचा_नातू (पुढचा रविवार, संध्याकाळी ७.३०)

आज सरांना खुर्चीत बसवलं आणि मी केलं. त्यांनी बऱ्याच चुका काढल्या, मी आजीच्या अगदी समोर उभा राहत होतो त्यामुळे तिला पुढे झुकून उठायला जागाच मिळत नव्हती. ते सुधारल्यावर ती कमी आधाराने उठली. सर पुढच्या रविवारी येणार नाहीत, मीच नको म्हटलं. त्यांचा मुलगा दहावीला आहे हे मला आज पहिल्यांदा कळलं.

ताई, एक शंका. सर म्हणाले आता काठी देऊ. पण काठी कुठल्या हातात? आजीची उजवी बाजू कमजोर आहे, तर उजव्या बाजूलाच आधार हवा ना? ते गेल्यावर प्रश्न पडला, आणि आज त्यांना परत फोन करायचा नाहीये.

---

वाईची_लेक (रात्री ८.१०)

डाव्या हातात. काठी नेहमी चांगल्या बाजूच्या हातात धरायची, म्हणजे कमजोर पाय टाकताना वजन दोन्हीकडे वाटलं जातं. आधी काठी पुढे, मग उजवा पाय, मग डावा. काठीची उंची बघा: आजी सरळ उभ्या असताना मूठ त्यांच्या मनगटाच्या रेषेत आली पाहिजे आणि कोपर किंचित वाकलेलं. खाली रबराचं बूच नवीन लावा, जुनं गुळगुळीत झालेलं असतं. तुम्ही चालताना त्यांच्या उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात कमरेशी. पहिल्या दिवशी पलंगापासून दारापर्यंत आणि परत, तेवढंच.